वरवटचे वलंदेज

पुण्याच्या प्रकाशकाचा मुलगा हल्ली बापाच्या खुर्चीत बसतो. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला, की वलंदेजांच्या, म्हणजे डचांच्या, मसाल्याच्या सफरींवरचं तुमचं पुस्तक आम्ही नव्याने काढतो आहोत, चार पानांची प्रस्तावना हवी. पुस्तक त्याने वाचलेलं नव्हतं, पण एक उतारा कुणीतरी त्याला दाखवला होता. भर समुद्रात वारा पडतो आणि चार जहाजांवरची माणसं शिडाकडे बघत बसतात, तो. त्या माणसांची तुलना पुस्तकात उफणणीला उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याशी केली आहे: तिवईवर चढलेला, ज्वारीने भरलेलं सूप डोक्यावर धरलेला, आणि भुसा उडवायला वाराच नाही. ‘‘काय प्रतिमा आहे, सर,’’ तो म्हणाला. मी म्हणालो, मी आयुष्यात कधी उफणणी केलेली नाही. तो हसला. म्हाताऱ्या लेखकांच्या विनयाला दाद देण्याचं एक ठरावीक हसू पुण्यात असतं, तसं हसला.

तो विनय नव्हता. ते पुस्तक माझं नाही. त्यातली वाक्यं तेवढी माझी आहेत, आणि त्यात वाईट तेवढंच आहे. त्या पुस्तकावर मला नोकरी लागली, बढती मिळाली, शालींचा एक गठ्ठा जमला, आणि ज्यांना जावा कुठे आणि जपान कुठे हे नकाशावर दाखवता आलं नसतं अशा माणसांनी मला वलंदेजांचा अभ्यासक म्हटलं. मी मान तुकवून ते ऐकून घेतलं. आता ऐंशी उलटल्यावर मान तशीही तुकलेलीच असते, तेव्हा निदान खरं काय ते लिहून ठेवतो.

आमचं घर वरवट बकालला. उत्तरेला सातपुडा दिसतो, इतका जवळ, की वाटतं तिथलं गोडं पाणी पायी चालत येईल. पण आमचा सगळा भाग खारपाणपट्टा. विहीर कितीही खोल खणा, पाणी खारट. त्या पाण्यात तुरीचं वरण शिजत नसे. माय सकाळी डाळ चुलीवर ठेवी आणि दुपारी ती तशीच टणक, भांड्यात खडखड वाजत असे. मग माय खायचा सोडा टाकी आणि वरणाला साबणासारखी चव येई. खऱ्या साबणाला मात्र त्याच पाण्यात फेस येत नसे. चहात दूध फाटे म्हणून आमच्याकडे कोरा चहा. या सगळ्याचं आम्हाला काही वाटत नसे. गावात एकच रीत कसोशीने पाळली जाई. बाजाराला जळगाव जामोदला गेलेली बैलगाडी येताना गोड्या पाण्याची दोन पिंपं आणी. त्यातला वाटा घरोघर जाई आणि तो स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात वेगळ्या काळ्या मडक्यात भरून ठेवला जाई. ते पाहुण्याचं पाणी. घरच्या माणसाने त्याला हात लावायचा नाही, तापात फणफणला तरी नाही. घरच्यांनी विहिरीचंच प्यायचं. गोड्या पाण्याच्या गावातून लग्न होऊन आलेल्या सुनेलासुद्धा हे पाणी पहिले आठ दिवसच मिळे. नवव्या दिवशी सासू तिच्या पेल्यात विहिरीचं पाणी ओती, आणि त्या दिवसापासून ती घरची झाली असं धरलं जाई.

माझे वडील तुळशीराम गुरुजी गावातल्याच प्राथमिक शाळेत शिक्षक होते. दुपारनंतर शेतात, त्याआधी शाळेत. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. पाण्याचा मोठ्यात मोठा साठा म्हणजे पूर्णेचा पूर. खामगावच्या बाजारात रद्दीच्या ढिगात त्यांना पुठ्ठे गेलेलं एक इंग्रजी पुस्तक सापडलं. पहिल्या वलंदेजी जहाजांनी आफ्रिकेला वळसा घालून जावा बेट कसं गाठलं, याचं ते पुस्तक होतं. शब्दकोश मांडीवर घेऊन त्यांनी ते दीड वर्षात वाचलं. मग त्यांना झपाटल्यासारखं झालं. बुलढाण्याला शिक्षकांची बैठक असली की परत येताना पिशवीतून वाचनालयाची जाड पुस्तकं येत. मायला वाटे भाजी आली.

त्यांना वलंदेजांचं कौतुक मुळीच नव्हतं. इतिहास लिहिणाऱ्यांना आपल्या माणसांवर प्रेम जडतं असं मी पुढे पुष्कळ परिसंवादांत सांगितलं, पण वडिलांचं तसं नव्हतं. ते त्यांचा मनापासून तिरस्कार करत. ‘‘हे राजे नव्हते, सरदार नव्हते,’’ ते म्हणत. ‘‘हे किराना दुकानदार होते. तोफा लावलेले किराना दुकानदार.’’ एकदा माय मसाला कुटायला बसली असताना त्यांनी तिच्या सुपातलं जायफळ उचललं आणि त्यावरची पांढरी भुकटी नखाने खरवडून मला दाखवली. जायफळ पिकतं ती बेटं वलंदेजांनी कशी घेतली, तिथली माणसं कशी मारली आणि उरलेली गुलाम करून कशी नेली, हे त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, की बी दुसरीकडे कुठे रुजू नये म्हणून हे लोक प्रत्येक जायफळ चुन्यात घोळवून विकत. मायने कुटणं थांबवलं. तिचा प्रश्न साधा होता. ‘‘दुसऱ्याच्या दारी झाड लागलं तं यांचं काय जात होतं?’’ वडील म्हणाले, त्याच्यावरच लिहून राह्यलो.

त्यांचा सगळ्यात जास्त राग एका कारकुनावर होता. हा वलंदेज गोव्याला पोर्तुगीज आर्चबिशपच्या पदरी होता. पोर्तुगीजांनी जपून ठेवलेली जलमार्गांची माहिती त्याने वर्षानुवर्षं मुकाट्याने उतरवून घेतली आणि मायदेशी नेऊन छापली. ती माहिती हाताशी धरून पुढे जहाजं निघाली. ‘‘ज्याचं मीठ खाल्लं त्याचेच कागद उतरवले,’’ वडील म्हणत, आणि तो माणूस आमच्या गल्लीत राहत असल्यासारखे दाराबाहेर थुंकत.

हे सगळं त्यांनी दहा वह्यांत लिहिलं. शाळेतल्या जुन्या हजेरीपटांच्या कोऱ्या बाजू शिवून वह्या केल्या होत्या. एका अंगाला मुलांची हजेरी, दुसऱ्या अंगाला हिंदी महासागर. आणि लिहिलं वऱ्हाडीत. अख्खं पुस्तक. त्यांच्या वह्यांत खलाशी एकमेकांना ‘‘काऊन बे’’ म्हणत, कप्तानाला मागून शिव्या देत, हिरड्यांतून रक्त येऊन दात पडायला लागले की मायची आठवण काढत. मी एकदा विचारलं, हे असं कोण वाचेल? ते म्हणाले, हे खलाशी गरिबाचे पोरं होते, ते काय पुण्याचे होते? चावडीवर लोक त्यांची टर उडवत. गुर्जी, जहाज लागलं काय बंदराले? गुर्जी, औंदा लवंगीचा काय भाव राहीन? ते शांतपणे उत्तर देत, की जहाज अजून आफ्रिकेच्या टोकालाच आहे, वारं पडलं आहे. हे ऐकून मला जमिनीत गडप व्हावंसं वाटे. मॅट्रिकला जळगाव जामोदला होतो तेव्हा माझ्या वर्गात मला ‘टोपीवाला गोरा’ म्हणत. मी वडिलांना मनात मूर्ख म्हणायला लागलो ते तेव्हापासून, आणि ती सवय मी पुण्याला बरोबर नेली.

पुण्यात मी बोलणं सहा महिन्यांत बदललं. ‘मले’चं ‘मला’ झालं, ‘हाव’चं ‘हो’ झालं. खोलीतला मित्र झोपेत बोलताना ऐकतो अशी मला भीती असे, न जाणो तोंडातून ‘काऊन’ निघालं तर. इतकी काळजी मी आयुष्यात नंतर कशाचीच घेतली नाही. पहिल्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा मायने मला बसायला सतरंजी टाकली आणि तांब्या घेऊन काळ्या मडक्याकडे वळली. पोरगा शहराचं गोडं पाणी पिऊन आलाय, त्याला आता खारट जाईल का, असं तिला वाटलं असावं. वडील वही लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, ‘‘तो काय पाहुना हाये? आपल्या मडक्यातलं दे.’’ मी विहिरीचं पाणी प्यालो. मला ते सहन झालं नाही, परसात जाऊन मी ओकलो, आणि वडील मागून येऊन पाठ थोपटत म्हणाले, जमते, आठ दिवसांत जमते.

एम.ए. झाल्यावर मला एका महाविद्यालयात नोकरी हवी होती. आमच्या विभागातल्या सरांनी सुचवलं, की नावावर एखादं पुस्तक असेल तर बरं. माझ्या नावावर काही नव्हतं. डोक्यातही काही नव्हतं, पण त्याची गरज नसते हे मला पुढे कळलं. मी वरवटला गेलो आणि वडिलांना म्हणालो, वह्या द्या, पुण्यात छापून आणतो, थोडी भाषा तेवढी सारखी करावी लागेल. त्यांनी दहाही वह्या धोतराच्या फडक्यात बांधून दिल्या. एस.टी. स्टँडपर्यंत गाठोडं स्वतः उचलून आणलं. माझ्या मांडीवर ते ठेवल्यावर खिडकीतून हात घालून गाठ पुन्हा एकदा घट्ट केली.

मी सगळं उतरवून काढलं. चार महिने लागले. त्यांनी लिहिलं होतं, ‘‘वारं पडलं. खाली टाकावं तं दाना कुटारातच पडते, धरून ठेवावं तं हात भरून येतात.’’ मी लिहिलं, ‘वारा नसल्याने त्यांची अवस्था खळ्यावरील शेतकऱ्याप्रमाणे द्विधा होत असे.’ प्रतिमा मोडून टाकण्याचा मी पुरेपूर प्रयत्न केला. ती तरीही उरली, हा तिचा चिवटपणा. ‘काऊन बे’ म्हणणारे खलाशी माझ्या हाताखाली ‘मित्रा, हे असे का?’ असं म्हणू लागले. स्कर्व्हीने मरणारी, सडक्या हिरड्यांची ती माणसं. काम झाल्यावर वह्यांचं करायचं काय हा प्रश्न होता. खोली लहान होती. मी त्या रद्दीवाल्याला दिल्या. एक वही गादीखाली राहून गेली होती म्हणून उरली, ती आता माझ्यासमोर आहे. वरचं वाक्य तिच्यातूनच घेतलं. बाकीच्या नऊ वह्यांमध्ये काय होतं ते फक्त माझ्या मराठीत उरलं आहे, म्हणजे गेलंच.

पुस्तक छापून आलं. लेखक म्हणून माझं नाव. ऋणनिर्देशात एक ओळ होती, की लहानपणी वडिलांनी सांगितलेल्या गोष्टींनी या विषयाची गोडी लागली. प्रत घेऊन मी घरी गेलो नाही, पोस्टाने पाठवली. नंतर गेलो तेव्हा मायने विचारलं, की यांचं नाव कुठी हाये? मी काही बोलायच्या आत वडिलांनीच पुस्तक उघडून तिला दाखवलं. पुण्याच्या पद्धतीने मी बापाचं नाव एका अक्षरावर आणलं होतं. त्या अक्षरावर बोट ठेवून ते म्हणाले, ‘‘हा ‘तु.’ हाये ना, मधात. तो मीच.’’ आणि हसले. अक्षर मोठं छापलंय, वाचायला बरं, असंही म्हणाले. त्या दिवशीही मला घरच्याच मडक्यातलं पाणी मिळालं. बापाने एवढं पचवलं होतं. तिथे थांबलो असतो तरी मी नुसता चोर राहिलो असतो.

पुस्तकाची वाखाणणी झाली. उफणणीच्या उताऱ्यावर एका समीक्षकाने पान भरून लिहिलं, लेखकाच्या मातीशी असलेल्या नात्याबद्दल. मी तेव्हा सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. मग एका निवृत्त दर्यावर्दी गृहस्थांचं पत्र वर्तमानपत्रात आलं. पुस्तकात लिहिलं होतं, की गोडं पाणी संपल्यावर खलाशी समुद्राचं पाणी थोडं थोडं पीत, आणि आठेक दिवसांनी शरीर त्याला सरावे. त्या गृहस्थांनी विचारलं होतं, की या विद्वानांनी समुद्र पाहिला तरी आहे का? समुद्राचं पाणी पिणारा माणूस सरावत नाही, वेडा होऊन मरतो.

हे कुठून आलं ते मला एका क्षणात कळलं. नव्या सुनांचे आठ दिवस. परसातली माझी ओकारी आणि पाठीवरचा हात. वडिलांनी समुद्र म्हणजे वरवटच्या विहिरीसारखं पाणी असंच धरलं होतं. खारट म्हणजे किती खारट असू शकतं याची त्यांच्याकडे दुसरी पट्टी नव्हती. आणि मी ते नीटनेटक्या मराठीत उतरवलं होतं, कारण उतरवणारा विचार करत नाही.

मी वर्तमानपत्राला उत्तर पाठवलं. तो मजकूर मला आजही पाठ आहे. ‘सदर विधान माझे वडील श्री. तुळशीराम, प्राथमिक शिक्षक, वरवट बकाल, यांच्या जुन्या टिपणांतून अनवधानाने आले आहे. त्यांनी समुद्र पाहिलेला नाही.’ पत्र छापून आलं. वडिलांचं पूर्ण नाव आयुष्यात छापून आलं ते तेवढ्या एका ठिकाणी. पुस्तकातलं कौतुकाचं सगळं माझं, आणि चुकीचं तेवढं त्यांचं. सरांनी विभागात माझ्या प्रांजळपणाची तारीफ केली. ज्या कारकुनाच्या नावाने माझा बाप थुंकत होता, त्याने निदान चोरलेल्या नकाशातले चुकलेले खडक पोर्तुगीजांच्या माथी मारले नव्हते.

पंधरा दिवसांनी वडिलांचं पोस्टकार्ड आलं. पेपर गावात पोचला होता हे त्यात लिहिलेलं नव्हतं. एवढंच होतं: ‘दिवाळीला येशीन तेव्हा समुद्राच्या पाण्याची एक बाटली आनजो. काठाचं नको, आतलं.’ मी अलिबागला गेलो, होडीवाल्याला पैसे देऊन आत गेलो आणि बाटली भरली. का गेलो ते सांगता येत नाही. बहुतेक बाटली आणली की प्रकरण मिटेल असं वाटलं असावं.

दुपारची वेळ होती. वडील ओसरीवर बसले होते, माय शेजारी तुरीची डाळ निवडत होती. मी बाटली पुढे ठेवली. वडिलांनी बूच काढलं, वास घेतला, उजेडाकडे धरून पाहिली. मी म्हणालो, जिभेला लावून बघा फक्त. त्यांनी बाटली तोंडाला लावून मोठा घोट घेतला आणि गिळला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, खोकल्याने अंग हललं, पण त्यांनी थुंकलं नाही. मग म्हणाले, ‘‘याले जमवता येत नाई.’’

आता कळतं, की वरवटच्या पाण्यालाही जमवता येत नव्हतं. वडील मूत्रपिंडं निकामी होऊन गेले. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासणी करण्याआधीच गाव कुठलं म्हणून विचारलं होतं आणि खारपाणपट्ट्यातलं नाव ऐकून नुसती मान हलवली होती. म्हणजे पुस्तकातली ती चूक त्यांनी आधी स्वतःच्या शरीरावर केलेली होती. मी प्रकाशकाच्या मुलाला कळवलं आहे, की मुखपृष्ठावर तुळशीराम गुरुजी एवढंच नाव घाला आणि प्रस्तावना म्हणून हे प्रकरण छापा, नाहीतर पुस्तक काढू नका. तो म्हणतो, नाव बदललं तर विक्री पडेल, अर्पणपत्रिकेत घेऊ. किराणा दुकानदार. मी नकार लिहून पाठवला.

त्या दुपारी वडिलांनी बूच पुन्हा घट्ट बसवलं. ‘‘तू पेपरात लिहिलं ते खरं हाये,’’ ते म्हणाले. ‘‘चूक माहीच होती.’’ मी वाट पाहत राहिलो. आता ते दुसरी गोष्ट काढतील, बाकी सगळं कोणाचं होतं ते विचारतील, आणि मी काहीतरी सांगेन. काय सांगायचं ते मी एस.टी.त जुळवून ठेवलं होतं. त्यांनी काहीच विचारलं नाही. उन्हातून आल्यामुळे मला तहान लागली होती. मायला ते दिसलं. ती डाळीचं सूप बाजूला सारून उठली आणि नेहमीसारखा घरच्या मडक्यात तांब्या बुडवला.

‘‘त्यातलं नको देऊ,’’ वडील म्हणाले. आवाजात राग नव्हता. ‘‘पाहुन्याच्या मडक्यातलं दे त्याले.’’

माय तांब्या हातात धरून उभी राहिली. तिने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हणायला हवं होतं, की घरचंच दे. दोन शब्दांचं काम होतं आणि ते दोन शब्द मला वऱ्हाडीत येत होते. मायने तांब्यातलं पाणी परत मडक्यात ओतलं, कोपऱ्यात गेली, काळ्या मडक्यावरची झाकणी काढली. तांब्या माझ्या हातात देताना तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, परक्या माणसासमोर करतात तसा.

पाणी थंड होतं आणि गोड होतं. मी सगळं प्यालो, आणि तांब्या पुढे करून आणखी मागितलं.